पेडल सायकल, एक नग

दिवाळीच्या पाडव्याला सायकल घेतली. बिल करता करता दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "मॅडम, इन्शुरन्स टाकू ना? 1,499 फक्त. चोरी, ॲक्सिडेंट, सगळं आलं त्यात." भाजीवाल्याने कोथिंबीर टाकू का विचारावं, त्या सुरात. कोथिंबीर फुकट असते, एवढाच फरक.

मी म्हटलं, उद्या सांगते. खरं म्हणजे हसू आवरत होते. सायकलीला विमा? आमच्या पिढीच्या डोक्यात सायकल ही विमा उतरवायच्या वस्तूंमध्ये येतच नाही. स्कूटरला असतो, कारण पोलीस पकडतात. मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती आहे ती इंजिन असलेल्या वाहनाला. सायकल त्या कायद्याच्या खिजगणतीतच नाही. तिला नंबरप्लेट नाही, नोंदणी नाही, पीयूसी नाही. बॅटरीवर चालणारीसुद्धा, मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर, कायद्याच्या लेखी साधी सायकलच. म्हणजे विमा घ्यायचा तर आपणहून, कोणी दटावत नसताना. आपल्याकडे दटावल्याशिवाय विमा किती जण घेतात?

पण सायकल 32,500 रुपयांची होती. घरी आणून पार्किंगमध्ये उभी केली, जिना चढले, आणि दुसऱ्या मजल्यावरून परत खाली जाऊन कुलूप ओढून पाहिलं. रात्री पुन्हा एकदा. नवरा म्हणाला, "खाली गादी घालून देऊ का?"

त्या रात्री बाबांची ॲटलास आठवली.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही पुण्यात शनिवार पेठेत राहायचो. सकाळी भोंग्याच्या वेळेआधी संगम पुलावरून खडकीकडे सायकलींची रांग लागायची, आणि त्या रांगेत बाबांची काळी ॲटलास. मागच्या मडगार्डला डबा, हँडलला पिशवी, पुढे डायनॅमोचा दिवा. त्यांच्या तरुणपणी पालिकेचा कर भरून मिळणारा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसेल तर दंड, दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसलात तर दंड. तो बिल्ला बाबांनी नियम गेल्यावरही काढला नव्हता.

1984 मध्ये मंडईच्या बाहेरून ती सायकल गेली. बाबा दहा मिनिटं आत भाजी घेत होते. मागच्या चाकाला असतं ते घोड्याच्या नालेसारखं कुलूप लावलेलं होतं, किल्ली खिशात होती. चोराने बहुतेक मागचं चाक उचलून धरलं आणि चालत नेली. ते कुलूप चाक फिरू देत नाही, सायकल उचलू नको असं काही ते कोणाला सांगत नाही. बाबांनी चौकीत तक्रार दिली, आणि मग कित्येक रविवार ते जुन्या बाजारात जायचे. मला एकदा नेलं होतं. भंगाराच्या ढिगांमधून, जुन्या हँडल-पायडलांच्या राशींमधून ते आपली सायकल शोधत फिरत होते. एका मडगार्डापाशी थांबले, वाकून पाहिलं, पुढे निघाले. घरी कोणी त्या सायकलीबद्दल बोलायचं नाही. तीन महिने ते खडकीला कधी बसने, कधी चालत गेले. महिन्याच्या पगारातून नवी सायकल निघत नव्हती. ती निघाली पुढच्या बोनसमधून.

किल्ली मात्र राहिली. जुडग्यात, कपाटाच्या आणि ट्रंकेच्या किल्ल्यांबरोबर, शेवटपर्यंत. ॲटलास कंपनीचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाला. ती बातमी वाचायला बाबा नव्हते. जुडगा माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराने दिलेली विम्याची चकचकीत घडीपत्रिका घेऊन तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. काका सरकारी विमा कंपनीत 34 वर्षं होते, त्यातली निम्मी क्लेम खात्यात. त्यामुळे त्यांचा माणसांवरचा विश्वास थोडा पातळ आहे, आणि छापील मजकुरावरचा त्याहून. त्यांनी चश्मा पुसला, पहिलं पान न बघताच उलटलं.

"अगं, हे शेवटून वाचायचं असतं. पुढच्या पानावर काय देणार ते असतं. मागच्या पानावर, कधी देणार नाही ते."

मागच्या पानावर बरंच काही होतं. सायकल चोरीला गेली तर पैसे मिळणार, पण त्या वेळी ती हलवता न येणाऱ्या वस्तूला कंपनीने मान्य केलेल्या कुलपाने बांधलेली असली तरच. नुसतं चाकाला कुलूप चालणार नाही. म्हणजे बाबांची ॲटलास आज असती आणि तिचा विमाही असता, तरी पैसे मिळाले नसते. दिवा, पंप, सीटखालची पिशवी असलं काही एकटं गेलं तर नाही, सायकलीबरोबर गेलं तर आहे. टायर फाटला तर नाही, सायकलीला मार बसताना फाटला तर आहे. भाड्याने दिली असेल तर नाही, शर्यतीत असेल तर नाही. (200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीला, जाणाऱ्यांनी ती शर्यत धरणार का, हे आधी लेखी विचारून घेतलेलं बरं. त्या मंडळींना गुडघ्यांखेरीज कशाची काळजी नसते, म्हणून सांगते.) पहिले सहा महिने नवी किंमत, पुढे घसारा. आणि प्रत्येक क्लेममधले पहिले 1,000 रुपये आपले.

"पहिले हजार आपले म्हणजे?"

"म्हणजे बाराशेचं नुकसान झालं तर तुला दोनशे मिळणार. आणि त्या दोनशेसाठी फॉर्म, फोटो, बिल, सर्व्हे. किरकोळ मोडतोड तू मनातूनच काढून टाक. विमा त्याच्यासाठी नसतो."

मी म्हटलं, मग स्वस्तातला बघू, सायकल 24 हजारांची दाखवू, हप्ता कमी बसेल. काकांनी चश्म्यावरून पाहिलं. ही युक्ती त्यांनी 34 वर्षं लोकांना करताना पाहिली होती. अशा विम्यात सरासरीचं कलम असतं. 32 हजारांची वस्तू 24 हजारांना उतरवली, म्हणजे चार आण्यांचा धोका तुम्ही स्वतःकडेच ठेवला असं कंपनी धरते. मग 8 हजारांचं नुकसान झालं तरी हातात 6 हजारच. हप्त्यात वाचतात शंभरेक रुपये, क्लेममध्ये जातात दोन हजार. काकांनी हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडून दाखवलं आणि तो कागद मला देऊन टाकला. अजून फ्रिजवर आहे.

"आणि एफआयआर लागेल बरं का," ते म्हणाले. यात एक गंमत आहे, आणि ती मला आधी खरी वाटेना. जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली. तिच्यात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी हा अदखलपात्र गुन्हा झाला. म्हणजे मुलाची जुनी, तीन-चार हजारांची सायकल गेली तर ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते, एफआयआर नाही. तेव्हा जुन्या सायकलीचा वेगळा विमा घेण्यात काही राम नाही, तिच्यासाठी चांगलं कुलूपच घ्यावं.

कुलपाचं आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्याने उरकलं. मी दुकानातून सायकलीबरोबर 250 रुपयांचं प्लॅस्टिकच्या नळीतलं केबल लॉक आणलं होतं, छान जांभळ्या रंगाचं. त्याने ते हातात घेऊन वाकवलं, पेटीतून कटर काढला आणि विचारलं, "तोडू?" मी होय म्हणेपर्यंत तुटलं होतं. कच्चकन एकदा, बस. आतल्या तारा झाडूसारख्या पसरल्या. "ताई, हे कुलूप नाही. हे मनाचं समाधान." त्याचं ऐकून 1,900 रुपयांचं यू-लॉक घेतलं. पुढचा प्रश्न ते अडकवायचं कशाला. आमच्या पार्किंगमधले खांब हत्तीच्या पायाएवढे, यू-लॉक त्यांच्या निम्म्यालाही पोचत नाही. भिंतीत लोखंडी कडं ठोकायला सोसायटीची परवानगी हवी होती. त्यावर सभेत 20 मिनिटं चर्चा झाली, कोणीतरी वास्तूचा मुद्दा काढला, आणि शेवटी खर्च माझा या अटीवर ठराव पास झाला. विम्याचा हप्ता सोडून कुलूप आणि कडं यांवरच 2,600 रुपये गेले. 'स्वस्त विमा' शोधणाऱ्यांनी हा आकडा आधी धरावा.

मग काकांनी विचारलं, "घराचा विमा आहे का तुमचा?"

होता. गृहकर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेला. फाइल काढली तर तो फक्त इमारतीचा, आतल्या सामानाचा नाहीच. 2021 पासून घरांसाठी जी ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात, भारत गृह रक्षा, तीच ही. आतलं सामान घेतलं असतं तरी चोरीच्या कलमात एक मजा आहे. आग, पूर, भूकंप अशी आपत्ती येऊन त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरतात. म्हणजे माझ्या सायकलीला विमा मिळायचा तर आधी भूकंप व्हायला हवा. नुसता चोर पुरेसा नाही.

"तो नाही गं. जुना हाउसहोल्डर. त्यात आमच्या वेळेपासून सायकलीचं कलम आहे. कोणी मागत नाही म्हणून कोणी सांगत नाही."

हे मला नवीन होतं. सरकारी कंपन्यांच्या जुन्या घरगुती पॅकेजमध्ये कलमांची एक माळ असते. आग, घरफोडी, दागिने, काचा, घरातली यंत्रं बिघडणं, प्रवासातलं सामान, आणि मधेच कुठेतरी, पेडल सायकल. त्यातली ठरावीक किमान कलमं घ्यावी लागतात, जास्त घेतली तर सवलत. नुसतं सायकलीचं कलम देत नाहीत. पण घरफोडी आणि यंत्रांचं कलम नाहीतरी आम्हाला हवंच होतं.

लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका कचेरीत गेले. खिडकीवरची मुलगी पंचविशीची असेल. "पेडल सायकल?" म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी टांग्याचा विमा मागते आहे. मग संगणकावर खाली खाली जात राहिली आणि एकदम म्हणाली, "अय्या, आहे की!" शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले. तिने माझ्या देखत टाइप केलं: पेडल सायकल, एक नग. मेक, रंग, फ्रेम नंबर. सायकलीच्या वाट्याला आले 400 च्या आसपास रुपये, वर 18 टक्के कर. सायकलीवरचा कर महिनाभरापूर्वीच, 22 सप्टेंबर 2025 ला, 12 वरून 5 टक्क्यांवर आला होता, आणि वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा तर शून्यावर. सायकलीच्या विम्यावर मात्र 18. सायकल 5 टक्क्यांची आणि तिची काळजी 18 टक्क्यांची.

फ्रेम नंबर मला माहीत नव्हता. सायकलीला तो असतो हेसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, "ठसा घेऊन या." ही जुनी पद्धत आहे, गाडीचा चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर उतरवतात तशी. घरी येऊन सायकल उलटी केली. पायडलांचा आस ज्या नळकांड्यात बसतो, त्याच्या पोटाशी, ग्रीस आणि मातीखाली अक्षरं होती. जुन्या बनियनने पुसलं, वर पातळ कागद धरला आणि 6बी पेन्सिल आडवी घासली. आधी नुसता करडा ढग आला. मग त्यातून एकेक आकडा पांढरा वर यायला लागला, आधी अर्धा 7, मग दोन शून्यं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. नऊ खुणा. बाबांच्या ॲटलासलाही हे आकडे असणार, त्याच जागी. चौकीत त्यांना कोणी विचारले होते का, आणि विचारले असतील तर बाबांना सांगता आले असतील का? बहुधा बिल्ल्याचा नंबर सांगितला असेल. तो तर चोराने पहिल्या गल्लीतच उपटला असेल.

इथवर ही गोष्ट सायकलीची होती. फेब्रुवारीत ती माझी झाली.

सकाळी सव्वानऊला कर्वे रस्त्याच्या कडेने मी कॉलेजला चालले होते. वेग काही फार नव्हता, पण उतार होता. पुढे पीएमटी थांबली. नाव बदलून किती वर्षं झाली, आमच्या तोंडात पीएमटीच आहे. बस थांब्याला न लागता रस्त्याच्या मधेच थांबली, आणि बस व फुटपाथ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी घुसले. चूक माझी होती. दारातून एक आजी उतरल्या, नऊवारीतल्या, हातात मेथीची जुडी आणि पिशवी. मी दोन्ही ब्रेक दाबले. पुढचं चाक फुटपाथच्या कडेला आपटलं आणि मी हातावर पडले. आजींना माझ्या हँडलचा फक्त वारा लागला. मेथी रस्त्यावर. त्या वाकून आधी माझ्याकडे आल्या. "बाई गं, लागलं का तुला?" मी म्हणत होते, तुम्हाला, तुम्हाला? आणि त्या माझं मनगट धरून म्हणत होत्या, हे बघ सुजायला लागलं.

रिम आउट झाली होती. नाक्यावरच्या सायकलवाल्याने चाक स्टँडवर चढवलं, तारा एकेक करून पिळत, सोडत, फिरवून बघत तासाभरात आउट काढली, दोन तारा बदलल्या, 450 रुपये घेतले. क्लेमचा प्रश्नच नव्हता. इतकं कसबी काम आणि 450 रुपये! मी 500 दिले तर त्याने 50 परत केले.

मनगटाचं हाड मात्र तडकलं होतं. क्ष-किरण, प्लास्टर, दोन वेळा तपासणी, मिळून 9,400. कुटुंबाचा आरोग्यविमा आहे, पाच लाखांचा. पण तो 24 तास दवाखान्यात दाखल झालात तर. मी प्लास्टर घालून दोन तासांत घरी आले. माझ्या सायकलीच्या एकेका नगाचा विमा होता आणि तिच्यावर बसणाऱ्या नगाचा, निदान त्या दिवशी, नव्हता.

प्लास्टरमधल्या सहा आठवड्यांत उजव्या हाताने काही करता येत नव्हतं, म्हणून पॉलिसी नीट वाचली. आणि सायकलीच्या कलमात, चोरी आणि मोडतोडीच्या खाली, एक ओळ सापडली जी मी, आणि खरं तर काकांनीही, घाईत ओलांडली होती. सायकल चालवताना तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची कायदेशीर भरपाई, एका मर्यादेपर्यंत.

टोकियोतल्या माझ्या पुतण्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, इथे हे नसेल तर सायकल चालवताच येत नाही." तिकडे सायकलीची पोलिसांकडे नोंदणी करून स्टिकर लावावा लागतो, बाबांच्या बिल्ल्यासारखाच, फक्त कर म्हणून नाही, चोरी सापडावी म्हणून. आणि एप्रिल 2020 पासून टोकियोत सायकलस्वाराला विमाही सक्तीचा आहे. कारण त्याने सांगितलं ते कोबे शहरातलं. 2008 मध्ये 11 वर्षांचा एक मुलगा रात्री पोहून घरी येत होता. उतारावरून सायकल सोडली, आणि समोरून चालत येणाऱ्या 62 वर्षांच्या बाईंना धडकला. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. 2013 मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितलं. कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे, तिथे 2015 मध्ये, जपानमध्ये पहिल्यांदा, सायकलीचा विमा सक्तीचा झाला.

पोहून येणारा 11 वर्षांचा मुलगा. आमच्या सोसायटीत असे सात आहेत, आणि पार्किंगचा उतार त्यांना फार आवडतो.

आपल्याकडे मोटारीने सायकलवाल्याला उडवलं तर मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण आहे, मोटारीचा विमा आहे. सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला पाडलं तर त्या न्यायाधिकरणाचा संबंध नाही. त्या माणसाने साध्या दिवाणी न्यायालयात जायचं आणि वसुली सायकलवाल्याच्या खिशातून. त्या आजी पडल्या असत्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं असतं, तर? 32,500 ची सायकल गेली असती तर मला वाईट वाटलं असतं, दोन महिने चालत गेले असते. आजींचं हाड मला भरून देता आलं नसतं. मी महिनाभर कुलपाच्या मागे धावत होते, आणि त्या पॉलिसीतली सगळ्यात महागाची ओळ मी वाचलीच नव्हती. त्या मर्यादेची रक्कमही फार नाही. वैयक्तिक दायित्वाचं वेगळं कलम त्याच पॅकेजमध्ये मिळतं, ते आता जोडायला सांगितलं आहे. चोरीसाठीची रक्कम घसारा धरून थोडी खाली आणली, हप्त्यात फारसा फरक पडला नाही.

बँकेचं पासबुक भरून आणलं तेव्हा मे महिन्यात 20 रुपये कापल्याची एक नोंद दिसली. पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना. कधीतरी बँकेत कोणीतरी सही घेतली असावी. 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला 12 रुपये होते, 2022 पासून 20. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः आलं तर एक. मनगटाला काही नाही. पण नाक्यावरच्या सायकलवाल्याला मी ते विचारलं, कारण तो रोज धनकवडीहून सायकलीने येतो. त्याच्याकडे नव्हतं. गेल्या आठवड्यात फॉर्म आणून दिला.

सगळे कागद आता काकांच्या सांगण्यावरून एका खाकी पाकिटात आहेत. बिल, चारही बाजूंचे फोटो, पेन्सिलचा ठसा, पॉलिसी. "कुलपाच्या दोन्ही किल्ल्या कंपनी मागते. एक वापर, एक यात टाकून ठेव. किल्ली नसली की म्हणतात, कुलूप लावलंच नव्हतं." मी यू-लॉकची जास्तीची किल्ली टाकली. मग ड्रॉवरमधला जुडगा काढला, ॲटलासची किल्ली वेगळी केली. चपटी, बोटाच्या पेराएवढी, दाते झिजून गुळगुळीत झालेली. तीही त्याच पाकिटात टाकली आणि पाकीट कपाटात ठेवलं.